टेडी जॉकीची माती आणि जज्जसाहेबांची पंचाईत

घरी नवा पाहुणा आला की चहाचा कप खाली ठेवेपर्यंत तो कसाबसा दम धरतो. मग हळूच विचारतो, "काय हो, भुतं बघितलीत का कधी?" मी सांगतो, बघितली की! सगळी कमिटीत होती. महिन्यातनं एकदा जमायची, बिस्किटं खायची आणि एकमेकांवर ओरडून घरी जायची.

मी बेंगळूरच्या एका मोठ्या ख्रिश्चन दफनभूमीचा केअरटेकर होतो. जात मराठा. घराणं तीन-चारशे वर्षांपूर्वी कुणातरी सरदाराच्या घोड्यामागनं इकडं आलेलं, देव्हाऱ्यात भवानीचा टाक, आणि नोकरी ही असली. बनशंकरीत घर बांधलं तेव्हा बायकोनं मागच्या दारी वेगळी न्हाणी काढून घेतली. तिथं डोक्यावरनं पाणी घेतल्याशिवाय मला माझ्याच घरात पाऊल टाकता यायचं नाही. समाजातल्या लग्नांत मला कुणी अक्षता वाटायला सांगत नसे. पण कुणाकडं काही बरं-वाईट झालं की पहिला फोन मलाच. "अण्णा, तुम्हाला यातलं सगळं कळतं." अरे बाबांनो, आपल्यात जाळतात, मला पुरण्यातलं कळतं! पण ऐकतो कोण.

नोकरीला कसा लागलो ते सांगत बसत नाही. वडील तिथं माळी होते, आणि वशिला मेलेल्यांच्यातही लागतोच. कामाचं मात्र थोडं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं समजायचं नाही. आमची दफनभूमी मी लागलो तेव्हाच तुडुंब भरलेली होती. नव्या माणसाला जागा नाही. मग आत यायचं कसं? वाट एकच. घरचं कुणीतरी आधी आत असलं पाहिजे. बरीच वर्षं लोटली की घरची कबर पुन्हा उघडायची, खालच्याची हाडं पांढऱ्या फडक्यात बांधून पायथ्याशी ठेवायची, आणि त्याच जागी नव्याला निजवायचं. काही शहाणी माणसं पहिल्याच वेळी खड्डा दुप्पट खोल खणून घेतात. म्हणजे खालच्याला उठवायला नको, दुसरा वरच्या मजल्यावर. आमचा खणणारा चिन्नप्पा म्हणायचा, "नवरा खाली, बायको वर. घरात होतं तेच, फक्त आता भांडणाचा आवाज येत नाही."

यात अट एवढीच की कबरीची माती उघडी पाहिजे. भोवती दगडी कठडा, डोक्याशी नावाचा दगड आणि मध्ये माती. कुणी हौसेनं वरनं सिमेंटची लादी ओतली किंवा ग्रॅनाइट बसवलं, की कमिटीच्या नियमानं ती कबर कायमची बंद. आतला आत एकटा आणि घरचे बाहेर.

आता मोठ्या माणसांचं सांगतो, कारण लोकांना त्यांचंच ऐकायचं असतं. आमच्याकडं जनरल होते, कॉफीचे मळेवाले होते, पलटणीचा बँडमास्तर होता. नाव मोठं लक्षण खोटं, अशी निम्म्यांची गत. एका जनरलच्या दगडावर लढायाच लढाया कोरलेल्या, आणि खाली लिहिलंय, 'ईश्वराने अचानक बोलावले.' चिन्नप्पाचा आजा सांगायचा, ईश्वरानं नाही, फणसानं बोलावलं. एका बैठकीत अख्खा खाल्ला होता म्हणे. दुसरा एक 'आदर्श पती.' त्याच्या तीन बायका त्याच्या तीन बाजूंना निजलेल्या. चौथ्या बाजूला कुंपण. पळायचं झालं तर सोय असावी म्हणून त्यानं ती जागा धरली असणार. एकदा परदेशातनं एक बाई आली, आपल्या खापरपणजोबांची कबर बघायला. तासभर उन्हात हिंडून आम्ही ती शोधली. बाई डोळे पुसत म्हणाली, "कसे आहेत ते?" काय सांगणार? म्हटलं, "शांत आहेत, मॅडम. आल्यापासनं एक तक्रार नाही."

पण या सगळ्या धेंडांना सोडून खरी गर्दी असायची ती टेडी रॉड्रिककडं. टेडी जॉकी होता. माणूस एवढासा, पण घोड्यावर बसला की रेसकोर्सवर लोक टोप्या उडवायचे. मग एका शनिवारी शेवटच्या वळणावर घोड्याचा पाय मुडपला, टेडी खाली आला आणि मागचे घोडे त्याच्यावरनं गेले. घोडा वाचला.

रेसवाल्याइतका श्रद्धाळू माणूस मी दुसरा पाहिला नाही. देवळात जाणारा निदान आपापल्या देवाला धरून असतो, रेसवाला वाटेतल्या मैलाच्या दगडालाही कौल लावतो. रेसच्या दिवसांत शनिवारी सकाळपासनं आमच्या गेटाशी स्कूटरी, लुना, सायकली उभ्या राहायच्या. खाटीक, सुतार, बँकेचे शिपाई, आणि कपाळावर ठसठशीत नाम ओढलेले मल्लेश्वरमचे एक रिटायर्ड हेडमास्तर. पद्धत ठरलेली. कठड्यावर पेटलेली सिगरेट ठेवायची, रेसचं छापील पुस्तक दगडाला टेकवायचं आणि कबरीची चिमूटभर माती रुमालात बांधून डाव्या खिशात टाकायची. उजव्या खिशात टाकली तर घोडा बाहेरच्या बाजूला झुकतो म्हणे.

या लोकांचे म्होरके मानोजीराव. राजाजीनगरात कापडाचं दुकान, आणि माझ्या मेव्हणीचे दीर. म्हणजे मला त्यांना हाकलताही येईना. चिमूट चिमूट करता करता टेडीच्या कबरीत खळगा पडायचा आणि चिन्नप्पा पाटीभर माती आणून तो बुजवायचा. एकदा मी मानोजीरावांना म्हटलं, "अवो, ही माती टेडीची नाही. गेटाबाहेर गटार खणताहेत ना, तिथनं आणवलीय परवा."

ते जराही विचलित झाले नाहीत. "टेडीच्या अंगावर पडली ना, अण्णा? सरी मग, झालं."

टेडीची एक बहीण होती, डॉली मिस. लग्न केलं नाही. टायपिंगचा क्लास चालवायची, आणि निम्म्या कँटोन्मेंटची बोटं तिनं लाकडी फूटपट्टीनं सरळ केली होती. कॉम्प्युटर आले तसा क्लास ओस पडला. आई-वडील कोलारच्या खाणीकडं पुरलेले, बाकीचे नातेवाईक ऑस्ट्रेलियात. नाताळाला त्यांचं कार्ड येई, एखाद्या वर्षी तेही नाही. शनिवारी संध्याकाळी रेसवाले पांगल्यावर ती यायची, सिगरेटची थोटकं वेचायची, दगड पुसायची आणि माझ्या खोलीत एक चहा घेऊन जायची. बोलायला सुरुवात इंग्रजीत करायची, रागावली की कन्नडवर यायची आणि फारच भडकली की तमिळवर. मी इथं सगळं मराठीत घालतो, शिव्या वगळून. टेडीच्या वेळी तिनं खड्डा दुप्पट खोल खणून घेतला होता. वरची जागा तिची.

आमचे चेअरमन जेकब पॉल, बँकेतनं रिटायर झालेले. त्यांचे आजोबा जज्ज पॉलसाहेब आमच्याकडच्या बड्या मंडळींतले बडे. जुगारी आणि रेसवाले यांना तुरुंगात घालण्यात हयात गेलेली. कबरीवर उंच खांब, खाली नखशिखांत चकचकीत ग्रॅनाइट. चेअरमन एकदा परदेशच्या काही पाहुण्यांना आजोबा दाखवायला घेऊन आले. नेमके शनिवारी. वाटेत टेडी! खळग्याभोवती ही झुंबड, हेडमास्तर डोळे मिटून पुटपुटतायत, कुणी रम शिंपडतोय, आणि मानोजीराव गुडघ्यावर बसून माती उकरतायत. पाहुण्यांपैकी एकानं विचारलं, "दिस इज अ सेंट?"

पुढच्याच बैठकीत चेअरमन म्हणाले, "टेडीवर सिमेंट ओता. आतनं लोखंडी जाळी घाला. माती नाही मिळाली की माणसं येणार नाहीत."

मी म्हटलं, "सर, वरची जागा बहिणीची आहे."

"तिला नव्या ठिकाणी देऊ. मारतहळ्ळीच्या पलीकडं जागा बघतोय आपण."

त्या वेळची मारतहळ्ळी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आज तिथं कॉम्प्युटरवाल्यांची गर्दी आहे. तेव्हा नाचणीची शेतं, एक तळं आणि अधूनमधून जाणारी बस. जिवंत माणूस तिकडं राहायला तयार नव्हता, तर मेलेल्याची काय कथा. मी बरीच हुज्जत घातली. शेवटी चेअरमननी दोन महिन्यांची सवड दिली. तोवर टेडीकडची गर्दी हटली तर लादी नाही. नाही हटली तर सिमेंट.

डॉली मिसला सांगायचं काम अर्थात माझ्याच गळ्यात. मला वाटलं होतं, आता तमिळ ऐकावं लागणार. पण ती इंग्रजीतच राहिली. कप बशीत ठेवला. मग म्हणाली, "मिस्टर राव, मी कुणाकडं कधी काही मागितलं नाही. नवरा मागितला नाही, ऑस्ट्रेलिया मागितलं नाही. शेवटी टेडीजवळ पडेन, एवढंच मनाशी धरून होते. त्या शेतात एकटीला मला भीती वाटेल."

जिच्या फूटपट्टीला अख्खा एरिया टरकायचा, ती बाई म्हणतेय भीती वाटेल. मी म्हटलं, "मिस, मी आहे ना, बघतो." काय बघणार होतो, देव जाणे.

आधी पाटी लावली. 'येथील माती नेऊ नये', तीन भाषांत. रेसवाल्यांनी पाटीवरची अक्षरं मोजली आणि त्या नंबरचा घोडा लावला. मग शनिवारी गेटाला कुलूप घातलं. ते भिंतीवरनं आले. हेडमास्तर भिंतीवर अडकले, त्यांना उतरवायला मला आणि चिन्नप्पालाच शिडी घेऊन धावावं लागलं. खाली आल्यावर आभार मानून ते सरळ टेडीकडं चालते झाले.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की यांना हाकलून उपयोग नाही. गाईला एका शेतातनं काढायचं तर दुसरीकडं हिरवं दाखवावं लागतं. मी मानोजीरावांना एका बाजूला घेतलं. "स्वल्प इकडं या. कुणाला सांगू नका." बातमी गावभर करायची असली की मानोजीरावांना एवढंच म्हणायचं असतं.

"टेडी थकला आता," मी म्हटलं. "किती वर्षं एकट्यानं द्यायचं? तुमचे घोडे हल्ली कुठं येतायत, सांगा बघू? तिकडं जज्जसाहेब बघा. एकदम ताजे. त्यांच्याकडं आजवर कुणी काही मागितलेलंच नाही."

"अय्यो अण्णा, ते तर रेसवाल्यांचे वैरी!"

"म्हणून तर! जन्मभर तुमच्यासारख्यांना आत टाकलं. वर गेल्यावर देवानं विचारलं असेल ना, या गरिबांनी तुझं काय वाकडं केलं होतं? आता प्रायश्चित्त म्हणून देत सुटलेत. घेणारा मात्र कुणी नाही."

मानोजीरावांचे डोळे लकाकले. मला माझ्याच अकलेचं कौतुक वाटलं. जज्जसाहेबांवर ग्रॅनाइट होतं. उकरणार काय, कपाळ? आठ-दहा माणसं जरी तिकडं वळली तरी टेडीकडं तेवढी कमी, असा माझा साधा हिशोब.

त्या शनिवारी मानोजीरावांनी आपलं पुस्तक जज्जसाहेबांच्या छातीवर टेकवलं आणि ज्या घोड्याकडं त्याचा मोतद्दारही बघत नव्हता तो लावला. देवाची करणी आणि नारळात पाणी. तो घोडा आला! नुसता आला नाही, बाकीचे मागं धूळ खात राहिले.

पुढच्या शनिवारी टेडीकडं चिटपाखरू नव्हतं, आणि जज्जसाहेबांपुढं गेटापर्यंत रांग. माती मिळत नाही म्हटल्यावर लोकांनी आपापली डोकी लढवली. कुणी नारळ फोडले, कुणी खांबाला दोरा गुंडाळला, हेडमास्तर प्रदक्षिणा घालू लागले. गेटाशी एक बाई लिंबं घेऊन बसली. खांबावर जज्जसाहेबांचा संगमरवरी मुखवटा होता, करड्या चेहऱ्याचा. त्याच्या कपाळाला कुणीतरी कुंकू लावलं. चिन्नप्पा म्हणाला, "राव सार, आता स्वल्प हसल्यासारखे दिसतात, नाही?"

करायला गेलो गणपती आणि झालं माकड, असं वाटून मी कपाळाला हात लावला. पण टेडी रिकामा झाला होता, आणि मला तेवढंच हवं होतं. चेअरमनना कळायच्या आत सवड सरली की झालं, म्हणून मी गप्प बसलो.

कसलं गप्प. दोनच शनिवार गेले आणि जज्जसाहेबांचा स्मृतिदिन उगवला, तोही शनिवारीच. पॉल घराण्यातली सगळी मंडळी काळे कोट घालून, मोठं पुष्पचक्र घेऊन आली. चेअरमन पुढं. त्यांच्या हाताला धरून त्यांची आत्या, म्हणजे जज्जसाहेबांची मुलगी. वय नव्वदीकडं झुकलेलं, डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. मी धावत गेलो तोवर उशीर झाला होता. मानोजीराव आत्याबाईंना हात आडवा करून सांगत होते, "अक्का, रांग आहे. आम्ही सकाळपासनं उभे आहोत. मागं जा."

चेअरमनचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. ते तोंड उघडणार तेवढ्यात आत्याबाईंनी विचारलं, "जेकब, कसली रांग?"

आता काय सांगतो बिचारा! मानोजीरावांनीच सांगून टाकलं, "जज्जसाहेबांची, अक्का. फार मोठा माणूस. मागेल त्याला देतो."

आत्याबाईंच्या डोळ्यांना धारा लागल्या. "ऐकलंस, जेकब? आपण म्हणायचो, लोक पपांना घाबरायचे. बघ, अजून किती जीव लावतात!" आणि त्या रांगेतल्या एकेकाचा हात हातात घेत, 'गॉड ब्लेस यू' म्हणत सावकाश पुढं सरकल्या. हेडमास्तरांनी तर त्यांना वाकून नमस्कार केला. चेअरमन पुष्पचक्र धरून उभे होते आणि त्यांच्या बुटाशी फुटलेल्या नारळाचं पाणी साठत होतं.

घटकाभरानं ते माझ्या खोलीत आले आणि दार लावून घेतलं. "राव, हलवा यांना."

"कुठं हलवू, सर?"

"होते तिथं!"

"तिथं आपण सिमेंट ओतणार ना. लादी पडली की हे इथंच राहतील. यांची पोरंबाळंसुद्धा इथंच येतील."

चेअरमननी रुमालानं मान पुसली. "नाही ओतत. झालं?"

"आणि डॉली मिसची जागा?"

"तिचीच राहील."

"कमिटीसमोर सांगाल?"

"सांगतो रे बाबा! पण आत्या पुढच्या शनिवारी परत यायचं म्हणतेय, या लोकांसाठी केक घेऊन. त्याच्या आत हलवा!"

आणि दोनच दिवसांनी तातडीची बैठक बोलावून त्यांनी तसं सांगितलं. माणूस शब्दाचा पक्का, एवढं म्हटलंच पाहिजे.

आता प्रश्न होता हलवायचं कसं. मी मानोजीरावांच्या दुकानात गेलो, टेडीचा थकवा गेलाय म्हणून सांगितलं. ते हसले. "अण्णा, देणारा देव सोडून कोण जातो?" टेडीच्या बहिणीशिवाय दुसऱ्या कुणाचं त्यांनी ऐकलं नसतं. मी डॉली मिसला रांगेचं सगळं सांगून टाकलं, जज्जाची थाप मीच मारली इथपर्यंत. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शनिवारी किती वाजता येतात ही गाढवं?"

शनिवारी सकाळी ती चर्चला घालायची हॅट घालून आली. हातात फूटपट्टी. रांग सोडून थेट जज्जसाहेबांच्या पायरीवर चढली आणि पहिला शब्द उच्चारला तो तमिळमधला. रांग जागच्या जागी थिजली.

"मानोजी! पुढं ये." मानोजीराव आले. कधीकाळी तेही तिच्याकडं टायपिंग शिकून गेले होते, ते मला तेव्हा कळलं, कारण साठीला टेकलेल्या त्या माणसानं न सांगता दोन्ही हात पाठीमागं लपवले. "लाज नाही वाटत? इतकी वर्षं माझ्या भावानं तुम्हाला सोसलं. तुमचा धूर सोसला, तुमची रडगाणी ऐकली, अंगावरची माती नेलीत तरी हू का चू केलं नाही. आणि एक घोडा आला म्हणून सगळे या जज्जाच्या दारात? हा आज उठला ना, तर पहिल्यांदा तुलाच बेड्या घालेल! जीव लावलेल्याला कुणी असं टाकून जातं? चला, निघा!"

ती पुढं आणि मागं सगळे, शाळा सुटल्यासारखे नाही, शाळा भरल्यासारखे. टेडीच्या कबरीशी पोचल्यावर तिनं नियम घातले. माती न्यायची नाही. रम आणायची नाही. यायचं त्यानं तांब्याभर पाणी आणायचं. चिन्नप्पानं मातीत ऑफिस टाइमच्या फुलांची रोपं खोचली, ती महिन्याभरात अशी फोफावली की बोट घालायला जागा उरली नाही. तरी कुणाचा हात वळवळलाच, तर फूटपट्टी होती.

त्या दिवशी चहाला बसली तेव्हा, काम फत्ते होईपर्यंत मागं ठेवलेलं कमिटीचं मी तिला सांगितलं.

"म्हणजे माझी जागा पक्की?"

"पक्की, मिस."

तिनं चहा ढवळला. मग म्हणाली, "बरं झालं. आता मला मरायची घाई नाही."

आणि तिनं ती केलीही नाही. पुढची काही वर्षं शनिवारी सकाळी टेडीशेजारी घडीची खुर्ची टाकून ती बसलेली असायची. घोड्यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. कुणी पुस्तक पुढं केलं तर म्हणायची, घरी जा, बायकोला भाजी आणून दे. कुणाच्या पोराचा नोकरीचा अर्ज टाइप करून द्यायची, कुणाच्या पोरीला इंग्रजी सुधारून द्यायची. हेडमास्तर तिच्यासाठी डब्यातनं इडल्या आणायचे, सुतारानं तिची खुर्ची दोनदा नीट केली. एकदा ती तापानं पडली तर मानोजीराव दुकान बंद करून डॉक्टरला घेऊन गेले. घोडे मात्र पूर्वीइतकेच यायचे, म्हणजे यायचे नाहीत. आत्याबाईंचा केक मी टेडीकडं वळवला. जज्जसाहेबांची माणसं हल्ली इकडं बसतात, म्हणून चेअरमननी त्यांना सांगितलं, आणि त्या मरेपर्यंत ते खरं धरून होत्या.

डॉली मिस गेली ती एका शुक्रवारी, दुपारी पडल्या पडल्या. नव्वदचं दशक संपत आलं होतं. ऑस्ट्रेलियाला फोन लावला, कुणाला येणं शक्य नव्हतं. फादरना वेळ होता तो शनिवारी दुपारचा. मी म्हटलं, ठीक आहे. फादर, मी, चिन्नप्पा आणि पेटी धरायला चार माणसं, एवढ्यांत उरकू. रेसवाल्यांना मी निरोप पाठवला नाही. मोसमातला सगळ्यात मोठा दिवस होता त्यांचा, कशाला घोर लावायचा.

पण ते सकाळी नेहमीसारखे पाण्याचे तांबे घेऊन आलेच. बघतात तर कठड्याच्या आत रोपं बाजूला काढलेली आणि चिन्नप्पा खांद्यापर्यंत खड्ड्यात. मानोजीरावांनी चपला काढल्या. हेडमास्तर सावलीला जाऊन बसले. सुतारानं चिन्नप्पाच्या हातचं फावडं घेतलं. मला वाटलं, थोडं थांबतील आणि निघतील. दुपार झाली, पेटी आली. ती त्यांनीच धरली, माझे चार जण नुसते बघत राहिले.

फादर नवीन होते, तरुण. प्रार्थना संपवून त्यांनी वर पाहिलं. कपाळावर नाम, डोक्यावर जाळीची टोपी, खिशातनं डोकावणारी रेसची पुस्तकं. ते जरा गडबडले. पहिली मूठ घरच्या माणसानं टाकायची असते. त्यांनी विचारलं, "घरचं कोण आहे?"

कुणी नाही, असं सांगायला मी तोंड उघडलं होतं. मानोजीराव पुढं झाले. "आम्ही आहोत, फादर."

"आम्ही म्हणजे कोण?"

मानोजीरावांनी मागं हात केला. "हे सगळे."

फादरनी मान हलवली. मग एकेक जण आला, वाकला, मूठ टाकून बाजूला झाला. ढकलाढकली नाही. फार वेळ लागला त्याला. तिकडं पहिली रेस सुटली असणार, दुसरीही सुटली असणार. रेसवाला आईच्या तेराव्यालाही घड्याळ बघत बसतो, ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. त्या दुपारी एकानंही मनगटाकडं पाहिलं नाही. मी पाहिलं, आणि चिन्नप्पाच्या मातकट खांद्यावर डोकं टेकून ढसाढसा रडलो.